लाइन न सोडणारा मोडेम

मी एक जुना मोडेम आहे. लखनौच्या महानगर भागातल्या एका संशोधन संस्थेत टेलिफोनशेजारी बसून माझी पंचवीस वर्षं गेली. मित्रांनो, तुम्ही माझा आवाज ऐकला नसेल. मी आधी किंचाळतो आणि मग काम करतो. कार्यालयातले बाकीचे पहिल्यावरच थांबतात.

चिनहटला संस्थेची एक विहीर आहे. तिथल्या यंत्राला रोज सकाळी फोन लावायचा, पाण्याची पातळी विचारून घ्यायची आणि लाइन सोडायची, एवढीच माझी नोकरी. माझी देखभाल विनीताताई करत. मराठी वडील हवाई दलातून निवृत्त होऊन लखनौतच राहिलेले, ताई कंत्राटी तंत्रज्ञ. धूळ पुसायच्या ती स्वतःच्या ओढणीने.

एकदा दिल्लीहून पाहुणे येणार होते. प्रमुख डॉ. नंदकुमार ताईंच्या टेबलाशी आले. काम गोड बोलून करून घ्यायचं असलं की ते मराठीत बोलत.

"विनीता, पाहुण्यांसमोर लाइन तुटली तर माझी शोभा होईल गं. हा सोडणारच नाही असं काहीतरी कर."

"सर, मग संगणकाने सांगितलं तरी सोडणार नाही."

"नको सोडू दे! नंतर बघू. आपल्या माणसाला सांगतोय."

ताईंनी माझ्या पाठीवरची बारीक कळ खाली केली. संगणक 'पुरे' म्हणाला तरी ऐकायचं नाही, हा तिचा अर्थ. पाहुणे खूश झाले. हार सरांना मिळाला.

कळ पूर्ववत करू का, असं ताईंनी सरांना दोनदा विचारलं. "राहू दे, अजून पाहुणे यायचेत." मग त्या रोज माझी टेलिफोनची वायर हाताने उपसून लाइन मोकळी करू लागल्या.

वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या दोन दिवस रजेवर गेल्या. मी लाइन धरून बसलो, आणि कार्यालयाचा फोनही त्याच लाइनवर. लोकांनी संगणकाची वायर बदलली, संगणक बदलला, मला थपडा मारल्या. माझी पाठ कोणी पाहिली नाही. मुख्यालयाच्या साहेबांना माणूस जागेवर आहे की नाही हे कार्यालयाच्याच फोनवर तपासायचं असतं. त्यांना दोन दिवस फोन लागला नाही.

चौकशी झाली. सर हिंदीत म्हणाले, "मैंने ऐसा कुछ नहीं कहा. लड़की लापरवाह है."

बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, जगदीशजी भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, "मैडम, लिखित में कुछ है? कोई गवाह?"

"सर ने मुँह से कहा था. मराठी में."

त्या कार्यालयात मराठी समजणारे दोघेच. ताई सरांकडे वळल्या. "सर, आता तरी खरं सांगा ना."

"हिंदी में बोलिए, विनीता जी. दफ़्तर है."

ताईंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. जाताना त्यांनी माझी कळ वर केली. आता मी वेळेवर लाइन सोडतो. मला 'दुरुस्त केल्याबद्दल' मुख्यालयाने सरांना कौतुकाचं पत्र पाठवलं आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादं यंत्र, एखादा माणूस हट्टाला पेटलेला दिसला, तर त्याला असं वागायला कोणी सांगितलं, हे आधी विचारा. आणि विचारणार असाल, तर त्यापायी कोणाची खुर्ची नाहक रिकामी व्हायच्या आत विचारा.