डबी बंद करायची नाही

त्या घरात दिवा लावायला कुणाची परवानगी लागत नसे, पण तो किती वेळ लागलेला राहील हे मात्र थोरले ठरवत. थोरले म्हणजे घरातले कर्ते, कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. नोकरी सुटली, पण स्टोअर काही अंगातून गेलं नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि मग लहर येईल तेव्हा ते घरभर फेरी मारत आणि दिसेल ते बटण बंद करत. न्हाणीघरात माणूस अंगाला साबण लावून उभा असला तरी बाहेरून दिवा जाई आणि आतल्यानं खाकरलं की परत येई. त्यांची बायको, म्हणजे घरातल्या वहिनी, भाजी चिरता चिरता फोडणीकडे वळल्या की तेवढ्यात ओट्यावरचा दिवा गेलेला असे. कुणी काही बोललंच, तर थोरल्यांचं उत्तर ठरलेलं: "उगीच कशाला?"

या "उगीच कशाला" खाली त्या घरातल्या किती गोष्टी चिरडल्या गेल्या त्याची गणतीच नको. त्यातल्या बऱ्याचशा आत्याच्या होत्या. आत्या ही थोरल्यांची धाकटी बहीण. पुतण्यानं बोबडं बोलायला लागल्यापासून आत्या म्हटलं आणि मग सगळं घरच तिला आत्या म्हणू लागलं. तिचं लग्न जमलं नाही की तिनं केलं नाही, यावर नातेवाइकांत अजून दोन तट होते. आई-वडिलांची दुखणी तिनं काढली, त्यांच्या मागे भावाच्या संसारात ती मुरून गेली आणि दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत राहिली. स्कूटर शिकायची म्हणाली, उगीच कशाला. दुकानातल्या बायकांबरोबर चार दिवस फिरून येते म्हणाली, उगीच कशाला. खोलीला पिवळा रंग देऊया म्हणाली, तेव्हा तर थोरल्यांनी पूर्ण वाक्यसुद्धा वाया घालवलं नाही, नुसता हात हलवला.

तर अशा या आत्यानं एक दिवस बिटकॉइन काढायचं यंत्र घरी आणलं.

दुकानात चष्म्याची नाकावर टेकणारी पट्टी बदलून घ्यायला एक रेडिओवाला येत असे. त्याच्या टपरीत तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. तळहातावर मावेल एवढी डबी, वर चिमुकला पंखा, समोर बोटाच्या पेराएवढा पडदा आणि त्यावर सारखे पळणारे आकडे. हे काय करतं, तिनं विचारलं. रेडिओवाला म्हणाला, आकडे ओळखतं. जगभरात अशी लाखो यंत्रं एकाच वेळी एकच कोडं सोडवत असतात. ज्याचा आकडा बरोबर येईल त्याला नवं बिटकॉइन मिळतं, बाकीचे बसले बोंबलत. मग सगळ्यांना नवं कोडं. मोठ्या लोकांची गोदामंच्या गोदामं भरलेली असतात या यंत्रांनी. आणि ही डबी, आत्यानं विचारलं. ही पण ओळखते, तो हसून म्हणाला, हिला कोण अडवतंय?

ते शेवटचं वाक्य आत्याच्या मनात जाऊन बसलं.

घरी हसण्याचा नुसता गदारोळ झाला. पुतण्या कॉम्प्युटरमधला, त्यानं लगेच हिशेब मांडला आणि सांगितलं, आत्या, ही डबी अखंड चालली तर साधारण काही हजार वर्षांतून एकदा तुझा नंबर लागेल. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! आत्या म्हणाली, मग काय झालं, मला कुठे गाडी पकडायची आहे? वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. थोरले हसले नाहीत. त्यांनी डबी हातात घेतली, उलटी केली, टेबलावर ठेवली आणि ठरलेले दोन शब्द म्हणाले.

आणि मग आत्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं हसं करून घेतलं. डबीबरोबर अडॅप्टर आला नव्हता. थोरल्यांच्या एका खणात घरातल्या मेलेल्या प्रत्येक वस्तूचा अडॅप्टर रबरबँड लावून ठेवलेला असे. कधीतरी लागेल म्हणून. आत्यानं त्यातला एक काढला, पिन बरोबर बसली आणि तिनं बटण दाबलं. पंखा एकदाच किंचाळला. पाठोपाठ जळका वास आला, मग काहीच नाही. डबीला पाच व्होल्ट हवे होते, अडॅप्टर बारा व्होल्टचा होता. ते त्याच्या पोटावर बारीक अक्षरात छापलेलंही होतं. जी बाई दिवसभर भिंग डोळ्याला लावून काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधते, तिनं ते वाचलं नाही. पिन बसतेय ना, मग झालं! दिव्याखाली अंधार तो हाच. थोरल्यांनी खिडकी उघडली, वास जाऊ दिला आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "झालं समाधान?"

आत्याला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. स्वतःचा आला आणि भावाच्या त्या समाधानाचा तर फारच. पुढच्या पगारात तिनं दुसरी डबी घेतली आणि सोबत पाच व्होल्टचा, सहा अँपियरचा, चांगला जाडजूड वायरचा अडॅप्टर. वहिनींनी हळूच विचारलं, वन्सं, परत? आत्या म्हणाली, परत.

दुधानं तोंड पोळलं होतं, त्यामुळे आता ती ताकसुद्धा फुंकून पीत होती. अडॅप्टरवरचं अक्षर न् अक्षर तिनं भिंगातून वाचलं. डबी चालू केली, फोन डबीच्याच वायफायला जोडला, तेव्हा फोनवर एक पान उघडलं. त्यात घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड भरायचा. मग जिथून कोडी येतात तिथला पत्ता. मग फोनवर उघडलेल्या स्वतःच्या बिटकॉइनच्या पाकिटाचा पत्ता, म्हणजे नशीब उघडलंच तर ते कुणाच्या दारात जाऊन पडायचं, ते. हा पत्ता म्हणजे अक्षरं आणि आकडे यांचा नुसता काला. एक अक्षर चुकलं तर सगळं मुसळ केरात. तिनं तो कॉपी केला आणि तरीही पुढून एकदा, मागून एकदा ताडून पाहिला. पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द होते. ते तिनं पाढ्यांसारखे पाठ केले आणि कपडे वाळत घालताना पुटपुटत राहिली. थोरल्यांनी ते शब्द सुरक्षिततेसाठी आपल्याकडे सांगून ठेवावेत असं सुचवलं. आत्या नाही म्हणाली. त्या घरात थोरल्यांना इतकं सरळ 'नाही' कुणी म्हटल्याचं कुणाला आठवेना.

पत्त्याच्या शेवटी एक टिंब देऊन यंत्राला नाव द्यायचं असतं. आत्या तिथे जरा अडली. मग तिनं स्वतःचं नाव टाकलं, आईनं ठेवलेलं. त्या नावानं तिला हाक मारणारं आता घरात कुणी उरलं नव्हतं.

डबी सुरू झाली. पंखा बारीक घुं घुं करत राहिला, आकडे पळू लागले. आत्या कामावर गेली, संध्याकाळी आली, तर डबी बंद. फेरी झाली होती. तिनं चालू केली. दुसऱ्या दिवशी परत बंद. बटणावर तिनं चिकटपट्टी लावली, तर पट्टी सोलून नीट घडी करून शेजारी ठेवलेली. तिनं भावाला शांतपणे सांगितलं की दादा, ही साध्या दिव्याएवढीच वीज खाते आणि ही चालू राहिली तरच तिला अर्थ आहे. थोरले म्हणाले, चालू राहून काय दिवे लावणार आहे? तिनं मागाहून मीटरचा आकडाही दाखवला. त्यांनी तो बघितला, मान डोलावली आणि दुपारी डबी बंद केली. तेव्हा आत्याला कळून चुकलं की भांडण विजेचं नव्हतंच. तिची एक गोष्ट तिच्या मर्जीनं या घरात चालू राहते की नाही, एवढंच ते होतं. आणि ते कळल्यावर तिचाही पीळ वाढला.

पुतण्यानं एकदा चिडवलं, आत्या, बाबांनी बंद केलं की तुझं आतापर्यंतचं काम पाण्यात. ती रेडिओवाल्याकडे गेली. तो म्हणाला, छे हो, हिच्यात मागचं काही साठतच नाही. आधी किती वेळा चुकली ते ही धरत नाही. दर वेळी पाटी कोरी, दर वेळी संधी तेवढीच. आत्या तिथेच टपरीच्या फळीला धरून उभी राहिली. स्कूटर, ती चार दिवसांची सहल, पिवळी भिंत, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. घरी येताना तिला खूप वर्षांनी हलकं हलकं वाटत होतं.

त्यानंतर तिनं चालू करायचं काही सोडलं नाही. ते बंद करत, ही चालू करी. ते परत बंद करत, ही हात पुसत पुसत येऊन परत चालू करी. बोलणं नाही, चालणं नाही, नुसती टकटक.

शेवटी एका रविवारी सकाळी थोरल्यांनी हे प्रकरण कायमचं मिटवायचं ठरवलं. आत्या खाली कपडे इस्त्रीला द्यायला गेली होती. परत आली तर खोलीतल्या टेबलावर डबीच नव्हती. तिनं विचारायच्या आधी पुतण्यानं डोळ्यांनी खणाकडे खूण केली. तिथे ती होती. वायर गुंडाळलेली, रबरबँड लावलेला, मेलेल्या वस्तूंच्या अडॅप्टरांच्या ढिगात. अजून गरम होती.

आत्यानं ती हातात धरली. थोरले हॉलमध्ये मॅच बघत होते, आवाज मोठा होता. मागच्या बाजूला वॉशिंग मशीन पाण्यानं भरून घुसळत होतं. वहिनी मिक्सर लावून उभ्या होत्या. पुतण्या कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या कुणाशी तरी बोलत होता. सगळ्यांचं सगळं चालू होतं.

आत्या सरळ बाहेरच्या दारापाशी गेली. चपलांच्या रॅकशेजारी भिंतीवर मीटरची पेटी होती. तिनं झाकण उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला.

घर एकदम गप्प झालं. वॉशिंग मशीनमधलं पाणी तेवढं डुचमळून थांबलं. पुतण्या "हॅलो, हॅलो" करत बाहेर आला. थोरले रिमोट हातात घेऊन आले आणि पेटीला पाठ लावून उभ्या असलेल्या बहिणीला पाहून थबकले.

"वेड लागलंय का? चालू कर ते."

"नाही करणार."

"मशीनमध्ये कपडे अडकलेत. फ्रिज बंद पडलाय. शेवटची ओव्हर चालू होती."

"उगीच कशाला?" आत्या म्हणाली.

पुतण्याला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात दाबलं. थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी हात पुढे केला, पण बहीण जागची हलली नाही. धाकट्या बहिणीला ढकलून बाजूला करणं काही त्यांच्यानं होईना. मग ते समजुतीच्या सुरात बोलू लागले. एवढ्याशा खेळण्यापायी घरादाराला वेठीला धरणं शोभतं का, त्यातून कधी काही निघणार आहे का, लोक काय म्हणतील.

"नाहीच निघणार, दादा," आत्या म्हणाली. "मला माहीत आहे ते. हजार वर्षं नाही निघणार. पण ती बंद करायची का चालू ठेवायची, हे मी ठरवणार. तू इतकी वर्षं माझं सगळं बंद करत आलास आणि मी अंधारात बसून राहिले. आता नाही बसणार. ही घे डबी. माझ्या खोलीत नेऊन, तुझ्या हातानं जोड. मग मी हे चालू करते."

"आणि नाही जोडली तर?"

"तर मग घर बंद."

थोरल्यांनी आधार शोधावा तसं बायकोकडे पाहिलं. वहिनी आत गेल्या आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून घेऊन आल्या. ती त्यांनी मीटरच्या पेटीखाली ठेवली आणि नणंदेला खांद्याला धरून तीवर बसवलं. मग परत गेल्या आणि दुसरी खुर्ची आणली. तिच्यावर त्या स्वतः बसल्या आणि ओले हात पदराला पुसले.

थोरल्यांनी बहिणीच्या हातातून डबी घेतली आणि ते आत गेले. रबरबँड काढल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, ते उचललं. नंतर त्यांनी विचारलं, ही पिन कुठल्या बाजूला? पुतण्या मदतीला निघाला, तशी वहिनींनी त्याला नुसत्या नजरेनं जागच्या जागी थांबवलं. आत्यानं बसल्या जागेवरून सांगितलं, पंख्याच्या उलट्या बाजूला, अलगद, दाबू नकोस. मग बटण दाबल्याचा आवाज आला.

"जोडली," आतून थोरले म्हणाले.

आत्या उठायला लागली. वहिनींनी तिचा हात धरला.

"इतक्यात नको, वन्सं," त्या म्हणाल्या. "जरा बसू या."

म्हणून त्या दोघी बसून राहिल्या. थोरले खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, वीज कधी येतेय याची वाट बघत.