मला बहिरं केलं गेलं

मित्रांनो, मी एक जुना व्हेंटिलेटर आहे आणि मी डूख धरून आहे.

इलोइलो बंदराजवळच्या इस्पितळात मी आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. माझं काम नाजूक. रोग्यानं श्वासासाठी जराशी ओढ दिली की ती ओळखायची आणि उरलेला श्वास आपण भरायचा. थकलेल्या छातीला तेवढाच आराम.

सुकी मासळी विकणारी कोन्सिंग आजी माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या नळीत वाफेचं पाणी साठलं होतं. ते डचमळलं की मला वाटे, आजीनंच ओढ दिली. मी भलत्या वेळी हवा सोडी आणि घंटा वाजे. पाणी काढून टाकलं असतं तर भागलं असतं. पण मोठे डॉक्टर एस्कालान्ते घंटेला वैतागले. त्यांनी बटण फिरवून मला जवळजवळ बहिरंच केलं. आता जिवाच्या आकांतानं ओढल्याशिवाय मला काही कळेना.

घंटा थांबली. आजीच्या मानेच्या शिरा मात्र टरारून फुगू लागल्या.

"डॉक, म्हातारी झुंजतेय हो. बटण सैल करू का?" नर्स मारिवेलनं विचारलं.

"काही नको. आळशी आहे ती. ओढू दे की जरा."

ओढून ओढून आजी गेली. डॉक्टरांनी खापर माझ्यावर फोडलं. नाताळच्या मोडक्या कंदिलांशेजारी, अडगळीत मी पडून राहिलो आणि डॉक्टरांची वाट पाहू लागलो.

पुढे न्यूमोनियाची साथ आली, यंत्रं कमी पडली आणि मला घाईनं बाहेर काढलं. माझ्या नळीला जोडले गेले कोण, तर एस्कालान्ते! बटण त्यांनी ठेवलं होतं तिथंच होतं. ते ओढत होते, मी ढिम्म. त्यांनी बोट बटणाकडे केलं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मारिवेल त्यांच्या कानाशी वाकली. "आळशीपणा नको हं, डॉक. ओढा की जरा."

एवढं बोलून तिनं बटण सैल केलं. मला हात असते तर मी ते करू दिलं नसतं.

डॉक्टर बरे झाले. आता फेरीला आले की आधी नळीतलं पाणी काढतात, मग रोग्याची मान बघतात. मित्रांनो, तुम्हीही घंटेचं तोंड दाबू नका, ती का वाजते ते बघा. एस्कालान्तेंचा श्वास मी इमानानं भरला. पण कोन्सिंग आजी मला हाका मारत होती आणि त्यांनी मला त्या ऐकू दिल्या नाहीत. ते मी माफ करणार नाही.