लाडका पाय

"नाही हो, भांडायला नाही फोन केला मी," पलीकडची बाई म्हणाली, आणि वहिनींना वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं. "एवढंच विचारते. माझ्या मुलीच्या पायाचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता. तो भलत्याच लोकांना कसा काय दिसतो?"

वहिनींना आधी काही उमजेना. मागच्या खोलीत मिस्त्री चामडं ठोकत होते, म्हणून त्यांनी दुसऱ्या कानावर हात धरला. बाईंनी सावकाश सगळं सांगितलं. मुलीच्या वर्गातल्या कुणीतरी इंटरनेटवर उगाच शोधाशोध केली, तर दुकानाच्या वेबसाइटचा एक कोपरा उघडाच सापडला. तिथे गिऱ्हाइकांनी पाठवलेले पायांचे फोटो होते, नावांसकट. मुलीचा फोटो वर्गभर फिरला. आता ती शाळेत जायचं नाव काढत नाही.

"मी आजच्या आज बघते," वहिनी म्हणाल्या.

"बघा. तुमच्या बुटांमुळे पहिल्यांदा पळाली हो ती. म्हणून धड रागावतासुद्धा येत नाही."

वहिनींनी फोन ठेवला.

दुकान तसं लहानच. ज्यांचा एक पाय आखूड आहे किंवा वाकडा आहे, अशांसाठी इथे बूट बनत. दोन पायांना दोन मापं, दोन वेगळे तळवे. गिऱ्हाइकं लांबलांबची, त्यामुळे बहुतेक काम वेबसाइटवरून चाले. कागदावर उभं राहायचं, कुणाकडून तरी पायाभोवती पेन्सिल फिरवून घ्यायची आणि फोटो काढून फॉर्मबरोबर पाठवायचा. ही सगळी सोय दादांनी केलेली. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड. "दुकान काढलं ते माझ्या एकट्याच्या बुटांसाठी, बाकीचे आपले मधे शिरले," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. वेबसाइटही त्यांनी कुणाकडून करून घेतली नाही. पुस्तकं आणली, डोकं खाजवलं आणि स्वतः लिहून काढली. दुकानात 'अधू पाय' म्हणायची बंदी होती. म्हणायचं 'लाडका पाय', कारण लाडावलेल्या पोरासारखं त्याला सगळं वेगळं लागतं. फॉर्मवरचा पहिला प्रश्नच तो होता: तुमचा लाडका पाय कोणता?

दादा जाऊन काही वर्षं झाली होती. आता दुकान धाकटे दीर, भाऊजी, बघत. फोन आणि वेबसाइट वहिनींकडे होती.

भाऊजींनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे त्या होस्टिंगवाल्यांचं काम. वेबसाइटला राहायला जागा देतात, भाडं घेतात आणि दारं सताड उघडी टाकतात. लावा फोन."

फोन लावला, तर नुसतं संगीत वाजत राहिलं. शेवटी एक जण बोलला तो इतकंच, की जागा आमची, आत राहणारा प्रोग्राम तुमचा, त्याचं तुम्ही बघा.

"जागा बदलू," भाऊजी म्हणाले. "वहिनी, तुम्हीच निवडा. तुमच्या निवडीला आजवर बोट ठेवायला जागा नाही."

वहिनींची निवडायची एक रीत होती. चामडेवाला असो की कुरियरवाला, त्या जेवणाच्या सुट्टीत फोन करत. त्या वेळी कोण उचलतं, तोंडात घास असताना कसं बोलतं, हे ऐकून त्या ठरवत. भाऊजी त्यावरून चिडवत. "स्थळं बघावीत तशा बघता! पत्रिका तेवढी मागायची राहिली."

पण या खेपेला रीत अपुरी पडणार हे वहिनींना कळत होतं. चामडं हातात घेऊन वाकवून बघता येतं. ही जागा कुठे आहे, कशी आहे, डोळ्यांना दिसणारच नाही.

पहिला फोन मोठ्या कंपनीला केला. पहिल्या घंटीलाच उचलला. आवाज गोड होता. वेबसाइट कधी बंद पडणार नाही, वेग असा की विचारू नका, आणि आत्ता आहे ती जशीच्या तशी तासाभरात उचलून आणू, तुम्हाला बोटही हलवावं लागणार नाही.

"आणि फोटो?" वहिनींनी विचारलं.

"फोटोसुद्धा जसेच्या तसे, मॅडम."

"उघडे राहिले तर?"

मग सुरक्षेच्या एका जादा योजनेचं नाव त्याने सांगितलं, पण ती नेमकं काय करते ते काही त्याला सांगता येईना.

दुसरी कंपनी लहान होती. तिथे फोन बराच वेळ वाजला. उचलणारा माणूस सावकाश बोलणारा निघाला. "थांबा हं, हात धुऊन येतो," म्हणाला, आणि खरंच हात धुऊन आला. वहिनींना तेवढ्यानेच धीर आला. त्याने वेबसाइटचा पत्ता विचारला आणि कळा दाबत बसला. वहिनी वाट बघत राहिल्या.

"हे कुणी लिहिलंय हो?" त्याने विचारलं.

"का? वाईट आहे?"

"छे छे. हात स्वच्छ आहे. प्रत्येक गोष्ट कशासाठी केली ते शेजारी लिहून ठेवलंय. असं कोण करतं हल्ली? पण काम त्या काळचं आहे. तेव्हा फोटो असेच ठेवायचे सगळे. चोरटे तेव्हा एवढे नव्हते."

"घरातल्याच माणसाने लिहिलंय."

"मग त्यांना जरा बोलवता का फोनवर?"

वहिनी म्हणाल्या, "ते नाहीत." माणूस म्हणाला, "माफ करा बाई." आणि मग त्याने जे सांगितलं ते वहिनींना ऐकायचं नव्हतं. जागेचा दोष थोडाच आहे. दारच कुजलंय. हा प्रोग्राम ज्याच्या आधारावर उभा आहे तो आधारच आता कुणी सांभाळत नाही, त्याला नवं कुलूप बसणार नाही. आमच्याकडे तो चालणारच नाही, चालला तरी मी ठेवून घेणार नाही. फॉर्म नव्याने लिहावा लागेल.

"दुसरी कंपनी म्हणते, जसंच्या तसं आणतो."

"आणतील की. भोकासकट आणतील."

वहिनींनी मग भीत भीत विचारलं, तुमच्याकडचं काही पुसलं गेलं तर? तो म्हणाला, "सगळेच सांगतात की आम्ही नक्कल ठेवतो. सांगण्यावर जाऊ नका. एखादी वस्तू माझ्याकडे ठेवायला द्या, मी ती पुसतो, आणि मग नकलेतून परत आणून दाखवतो."

काय द्यावं? वहिनींनी फॉर्मबरोबर आलेले जुने फोटो चाळले आणि सगळ्यात पहिला पाठवला. फॉर्म चालतो का हे बघायला दादांनी स्वतःच्याच पायांचं माप कागदावर काढून घेतलं होतं, त्याचा. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "पुसलंय. बघा." पडदा कोरा होता. "आता बघा." रेघ परत आली. उजवं पाऊल लांब, डावं आखूड, आणि टाचेपाशी पेन्सिल घसरलेली. ती पेन्सिल वहिनींच्याच हातून घसरली होती. दादा तेव्हा म्हणाले होते, "गुदगुल्या करू नकोस, माप चुकतंय."

संध्याकाळी त्यांनी भाऊजींना आपली निवड सांगितली.

"म्हणजे दादाचं काम टाकून द्यायचं?" भाऊजी म्हणाले.

"टाकून नाही. पण ते आता चालवायचं नाही."

"एकच झालं. ती मोठी कंपनी जसंच्या तसं ठेवतेय ना? मग हा हट्ट कशाला? मी पैशाचं बोलत नाही, वहिनी. या दुकानात त्याच्या हातचं राहिलंय काय? बूट लोकांच्या पायांत गेले. हे एवढंच आहे."

"त्या मुलीचा फोटो वर्गात फिरला, भाऊजी."

"फोटो काढून टाकू की!"

"आणि उद्या जे येतील ते?"

भाऊजी उठले. दारापाशी जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "तुम्हाला त्याचं काही राहू द्यायचंच नाहीये. कपडेसुद्धा महिन्याभरात देऊन टाकलेत तुम्ही."

मागची हातोडी थांबली. मिस्त्रींनी ऐकलं होतं.

वहिनी उत्तर देऊ शकल्या असत्या. कपडे घरात होते तेव्हा कपाट उघडताच येत नव्हतं, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण असलं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या खाली बसल्या आणि जुन्या वेबसाइटचा, फक्त दुकानातल्यांना दिसणारा भाग उघडला. तिथे एक बटण होतं, सुट्टीच्या दिवसासाठी दादांनी केलेलं. ते दाबलं की फॉर्म बंद होई आणि त्याजागी एक पाटी येई. वहिनींनी ते दाबलं. पाटी आली: 'आज दुकान बंद आहे. पाय दुखत असतील तर जरा बसून घ्या.'

त्यांनी ती दोनदा वाचली. मग सावकाश बोलणाऱ्या माणसाला फोन केला. "फोटो तिथून आत्ता काढून घ्या. आणि नवीन लिहायला घ्या." फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "पहिला प्रश्न मात्र बदलू नका."

त्या बाईंनाही त्यांनी फोन केला. दोष होस्टिंगवाल्यांचा नव्हता, आमचाच होता, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मुलगी अजून शाळेत जात नव्हती.

पुढचे दिवस भाऊजी कामापुरतंच बोलत. नवा फॉर्म तयार झाल्याचा फोन आला तेव्हा ते समोर बसून बिलं लावत होते.

"एकदा तुम्ही भरून बघा," माणूस म्हणाला. "खरे पाय घेऊन. जुन्यात पहिली नोंद घरच्याच पायांची आहे ना, म्हणून म्हटलं."

वहिनींनी मिस्त्रींकडून मोठा कागद मागून घेतला, जमिनीवर पसरला आणि चपला काढून त्यावर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांचं माप दुकानात कुणी घेतलंच नव्हतं. पेन्सिल हातात घेऊन त्या वाकल्या, पण वाकलं की पाय हलत होता.

भाऊजींनी बिलं बाजूला ठेवली. उठून आले, गुडघ्यावर बसले आणि वहिनींच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. या दुकानात पेन्सिल उभी धरायची असते, तशी त्यांनी धरली. मग दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत तेच, मान वर न करता, म्हणाले, "दोन्ही पायांवर सारखा भार द्या, वहिनी."

वहिनींनी दिला. निदान त्यांना तसं वाटलं.

कागद उचलल्यावर मिस्त्रींनी तो उजेडाकडे धरला. "कागद उजव्याखाली दबलाय, भार तिकडे आलाय," ते म्हणाले. "डावं पाऊल नुसतं टेकलंय."

"पुन्हा काढू," भाऊजी म्हणाले.

पुन्हा काढलं. पुन्हा तेच आलं. घरात, पायात बूट नसताना, दादा डाव्या हाताने वहिनींचा उजवा खांदा धरून चालत, पायऱ्या चढत, रात्री पाण्याला उठत. ते तिघांनाही ठाऊक होतं.

वहिनी खुर्चीवर बसल्या. पडद्यावर नवा, स्वच्छ फॉर्म उघडा होता, आणि उत्तर दिल्याशिवाय तो पुढे सरकणार नव्हता. तुमचा लाडका पाय कोणता?

त्यांनी 'उजवा' निवडलं. मागे भाऊजी अजून गुडघ्यावरच बसले होते, हातातली पेन्सिल उभी धरून.