खैरटाकळीची खूण

मित्रांनो, ही गोष्ट २०१७ सालची. मी मात्र त्याआधीची. मी खैरटाकळीची खूण, मोबाइलमधल्या नकाशावरचा एवढासा ठिपका. तुमच्या बोटाखाली सहज झाकून जाईन. पण आजही कुणाचे बोट माझ्यावर टेकले की माझा जीव धसकतो.

मला धम्मदीपने घडवले. तो गावातलाच, तालुक्याच्या गावी, लोणारला, कॉलेजात शिकणारा. कोणीही भर घालावी, कोणीही दुरुस्ती करावी असा एक मुक्त नकाशा असतो. त्यावर आमच्या वाटेवरच्या बीबी गावापलीकडे सगळे कोरेच होते. धम्मदीप मोटारसायकलवर शेतवाटा फिरला, जागा नीट पाहिली आणि मला उमटवले. गावाला केवढे कौतुक! "आपलं गाव मोबाइलात आलं बे!" म्हणत माणसे मला मोठी करकरून पाहत.

मग दूरच्या कुणा उत्साही माणसाने एका दमात असंख्य खुणांना दुवे जोडले. खुणेवर बोट ठेवले की इंटरनेटवरच्या विश्वकोशातली त्या गावाची नोंद उघडावी, अशी ती गाठ. त्याने फक्त नावे जुळवली. खैरटाकळी नावाचे आणखी एक गाव मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या काठी आहे. त्याची नोंद माझ्या गळ्यात पडली. मला कळत होते, पण खुणेला तोंड कुठे असते? मी नुसती भीत राहिले.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. बीटी बियाणे आले तेव्हा लोक म्हणाले, आता अळीची काळजी मिटली. अळी परत आली, मागोमाग फवारेही आले. औषधाचा तुषार उलटून तोंडावर पडे. एका दुपारी गावातला शेतकरी रज्जाक फवारता फवारता सरीतच कोसळला. तोंडाला फेस, हातपाय थरथरत होते. त्याची बायको अख्तरी, तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. चालक जिल्ह्यात नवा. त्याने मला शोधले. पण त्याचे ॲप रस्ता दाखवी तो दुव्याने जोडलेल्या नोंदीतल्या गावाचा, नदीकाठच्या खैरटाकळीचा. गाडी निघाली ती माझ्याकडे पाठ करून. मी पाहत होते, आणि मला हलताही येत नव्हते.

अख्तरीने पुन्हा फोन केला.

"कुठवर आले हो भाऊ?"

"आलोच ताई. नदीचा पूल लागला."

"नदी?" तिचा आवाज फाटला. "आमच्या गावाले नदीच नाही! इथं प्याच्या पाण्याचे वांधे, पूल कुठून आणला तुम्ही?"

"नकाशात तर हेच खैरटाकळी दिसते."

"चुलीत घाला तो नकाशा! बीबीकडून या म्हणते ना!"

शेजारचे पुंजाजी बांधावर उभे होते. "रडू नको वो अख्तरी, मी टेम्पो काढतो. त्याले सांग, लोणारच्या रस्त्यावर समोर ये."

टेम्पो गेला. टेम्पोत कोणी नकाशा उघडला नव्हता, त्यामुळे तो मला दिसेना. रज्जाक पोचला की वाटेतच गेला, हे मला कळेना. कोणी माझ्याकडे फिरकेना.

संध्याकाळी धम्मदीप आला. त्याने तो दुवा तोडला. तालुका पाहिला, शेजारची गावे पाहिली, दोन्ही खैरटाकळींमधले अंतर मोजले. विश्वकोशात आमच्या गावाची वेगळी नोंद केली आणि नुसत्या नावाशी नव्हे, तर त्या नोंदीच्या स्वतंत्र क्रमांकाशी मला बांधले. तेव्हा तो कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "श्वास चालू हाय ना? मंग ठीक."

रज्जाक वाचला. त्याची नजर अंधुक झाली ती झालीच. फवाऱ्याचा पंप त्याने पुन्हा पाठीला लावला नाही. आता तो साखरखेर्ड्याच्या बाजारात शेळ्या विकतो. अख्तरी कुणालाही पत्ता सांगताना आधी बीबी म्हणते, मग गाव. पुंजाजी म्हातारपणाने गेले. त्या चालकाची बदली झाली. धम्मदीप नोकरीसाठी दूर गेला, आणि माझी देखरेख करणारे असे कोणी उरले नाही.

मित्रांनो, खुणांना दुवे जरूर जोडा. पण नाव जुळले म्हणून गाठ मारू नका. गावात एक फोन करा. काल कुणीतरी दुवा जोडायला शेजारच्या वस्तीची खूण उघडली आणि विश्वकोशाच्या शोधात तिचे नुसते नाव टाकले. त्याला कोणीतरी विचारा रे, तालुका पाहिलास का?