इकेमच्या खांद्यावरून

“काका, एवढं धूड खांद्यावर घेऊन दारोदार फिरता, लाज नाही वाटत?”

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी! हाताने फिरवायचं एक जुनं शिलाई मशीन. सोनेरी वेलबुट्टीतली दोनच पानं उरलीत, पण टाका अजून सरळ.

शिंप्याकडे शिकाऊ म्हणून वर्षानुवर्षं राबलेल्या इकेमला त्याच्या उस्तादाने निरोप देताना मला भेट दिलं. तेव्हा माझी काय ऐट! तेव्हापासून नायजेरियातल्या इबादान शहराच्या गल्ल्यांतून आम्ही फिरतो. मी खांद्यावर, कात्री त्याच्या मोकळ्या हातात. तिची टिकटिक ऐकली की बाया उसवलेले कपडे घेऊन दारात येतात.

तो प्रश्न शाळेच्या फाटकापाशी आला. नव्या मैत्रिणींनी पैज लावली होती; बुसोला तर म्हणाली, “विचार की, घाबरलीस?” आणि जिने विचारलं ती ओगेची, इकेमची सख्खी मुलगी. हे मैत्रिणींना कुठे ठाऊक? तिच्या अंगातल्या गणवेशाची दुमड आदल्याच संध्याकाळी मी शिवली होती. धरणीने मला गिळावं, असं झालं.

इकेमने तिच्याकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं.

“वाटते ना, पोरी. पण खांद्यावर ओझं असलं की मान खाली घालता येत नाही.”

पोरी खिदळल्या. आम्ही निघालो. त्या दिवशी पुन्हा कात्री वाजली नाही.

घरी ओगेची मला पुसत बसली. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. तिला बापाची लाज वाटली होती, आता स्वतःची वाटत होती. त्याने आपल्याला वाचवलं याचा राग होता, आणि त्याच्या उत्तराचा अभिमानही. एका पोटात एवढं मावतं? मावतं, मित्रांनो. माझा वरचा दोरा एकीकडे ओढतो, खालचा दुसरीकडे, म्हणून तर टाका घट्ट बसतो. फक्त दोन्ही दोरे जपावे लागतात. एक तुटला की सगळं उसवलं.

जेवताना ओगेचीच्या आईने इकेमला विचारलं, “आज लवकर कसे? गिऱ्हाईक नव्हतं?”

“कात्रीचा घसा बसलाय,” इकेम म्हणाला.

ओगेचीने हातातला घास ताटात ठेवला.

“आई, बाबा, ऐका. उद्या शाळेला मी बाबांबरोबर चालत जाणार. फाटकापर्यंत कात्री मी वाजवणार. आणि बुसोलाने काही विचारायच्या आत मीच सांगणार, हे माझे बाबा आहेत.”