अनन्वयाला दोन ठोके

सकाळचे ऊन त्या घरात एकदम शिरत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ थबकून राही. मग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांमधून ओट्यावर उतरे, पालथ्या घातलेल्या पातेल्याचे बूड किंचित उजळवी, आणि तिथून अंग चोरून आल्यासारखे उंबरठ्यापाशी येई. त्या पट्ट्यात धुळीचे कण वरखाली होत. मग शिवणयंत्राचे चाक, मग दोरीवरचा टॉवेल, मग फरशीतली तडकलेली लादी. साडेसातला ते पलंगाच्या पायथ्याशी पोचे, पावणेआठला गुडघ्यांवरच्या चादरीवर, आणि आठच्या सुमारास बाबांच्या डाव्या हातावर. त्या उन्हात विशेष असे काही नव्हते. असे ऊन कुठल्याही घरात येते आणि कुणाचे लक्षही जात नाही. पण धाकट्याने त्याची एकेक पायरी पाठ केली होती, कारण ते हातावर आले की वाचायला बसायचे, असा त्याने स्वतःशी नेम केला होता.

घरात त्याला धाकटा म्हणत. कचेरीत ‘कोशकार’, आणि तेही जरा चिडवूनच. शालेय मार्गदर्शिका छापणाऱ्या एका लहानशा प्रकाशनात तो मुद्रिते तपासायचे काम करी. बोलणे कमी, खाली मान, आणि डबाही खिडकीकडे तोंड करून खायचा. अशा माणसाच्या हाती एक अख्खे पुस्तक आले ते बाबांमुळे. उपमा म्हणजे काय, रूपक म्हणजे काय, रस किती, वृत्त कशाला म्हणतात, हे मुलांना घरच्या भाषेत समजावून सांगणारी छोटी पुस्तिका बाबा लिहिणार होते. चौतीस वर्षे भाषा शिकवलेला माणूस. त्यांच्याइतके हे कोण सोपे करून सांगणार? पहिली सात पाने लिहून झाली आणि एका दुपारी, जेवून उठताना, त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली. वाचा गेली. डॉक्टर आणखीही काही म्हणाले होते. शब्द कानावर पडतील, पण त्यांचा अर्थ लागेलच असे नाही, आशा फार धरू नका. ते ऐकताना धाकट्याने मान हलवली होती. मान हलवायला त्याला कधीच कष्ट पडत नसत.

पुस्तिका त्याने पुढे लिहायला घेतली.

बाबांची एक जुनी रीत होती. मुले घरी वह्या घेऊन येत, तेव्हा ते वही हातात घेत नसत. मुलाने उभे राहून वाचायचे. बाबा डोळे मिटून बसायचे, उजव्या हातात लाल पेन आणि डाव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या दांड्यावर. एक ठोका म्हणजे ठीक, पुढे चल. दोन ठोके म्हणजे थांब, पुन्हा नीट सांग. त्या दोन ठोक्यांनी चांगली थोराड मुलेसुद्धा घामाघूम होत. घरातही हाच कारभार. ताईने लग्न करणार नाही असे सांगितले, तेव्हा बाबांनी पंधरवडाभर दोनच ठोके दिले, आणि सोळाव्या दिवशी एक.

आजाराच्या दुसऱ्या महिन्यात धाकटा त्यांच्यापाशी बसून आपलेच लिहिलेले सहज वाचत होता, आणि पलंगाच्या लाकडी कडेवर ती तर्जनी हलली. एक ठोका. त्याच्या अंगावर काटा आला. त्याने पुढची व्याख्या वाचली. दोन ठोके.

तेव्हापासून रोज तीन संज्ञा. दोन ठोके पडले की तो संध्याकाळी ती व्याख्या पुन्हा लिही, सकाळी पुन्हा वाची, आणि एक ठोका मिळेपर्यंत तिचा पिच्छा सोडत नसे. ‘व्यतिरेक’ सहा वेळा लिहिला, ‘अनन्वय’ नऊ वेळा. कधी कधी त्याला आपले आधीचेच बरोबर वाटे. पण मग तो स्वतःला समजावी, की आपण पुस्तकी आहोत, बाबा त्याच्याही पलीकडचे काही पाहत असतील. सगळे आयुष्य त्याने त्यांच्यासमोर बोलायचे टाळले होते. आता रोज सकाळी अर्धा तास ते दोघे कवितेविषयी बोलत होते. निदान त्याला तसे वाटत होते, आणि त्या वाटण्यावर तो दिवस रेटत होता.

पुस्तिका छपाईला जायच्या आदल्या दिवशी संपादकबाईंनी त्याला आत बोलावले. या बाई एके काळी बाबांच्याच विद्यार्थिनी. करड्या आवाजाच्या, चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधणाऱ्या. त्यांनी टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे शेजारी शेजारी मांडले. एक त्याने सुरुवातीला देऊन ठेवलेला पहिला खर्डा, दुसरा शेवटचा.

पहिल्या खर्ड्यात लिहिले होते: ज्याला दुसऱ्या कशाचीच उपमा पुरत नाही, त्याला त्याचीच उपमा देणे म्हणजे अनन्वय, जसे, आमची आत्या आमच्या आत्यासारखीच. शेवटच्या खर्ड्यात होते: एखाद्या वस्तूचे जगातील कशाशीही नाते न उरणे म्हणजे अनन्वय. व्यतिरेकाचीही तीच गत. एक वस्तू दुसरीहून सरस दाखवायची, ते जाऊन दोन्ही सारख्याच असल्याचे सांगणे आले होते. अशी अकरा ठिकाणे बाईंनी मुडपून ठेवली होती.

“पहिला खर्डा तुझाच ना?” त्यांनी विचारले. “मग चांगलं लिहिलेलं खोडून हे लिहायची दुर्बुद्धी कुणाची?”

बाबांनी तपासले आहे, असे तो म्हणाला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तशी ओळही होती, तपासणी म्हणून, आणि खाली बाबांचे नाव. ती ओळ त्यानेच घातली होती.

बाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. “अरे, अनन्वय मला त्यांनीच शिकवला,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “फळ्यावर आत्याच होती.” मग त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवले आणि उद्या दुपारपर्यंत काय ते सांग, एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उन्हाची वाट पाहिली नाही. तो पलंगाशी बसला आणि पहिली, बरोबर असलेली व्याख्या वाचली. दोन ठोके. चुकीची वाचली. एक ठोका. म्हणजे बाबांचे मत ठाम आहे, बाईंनाच कळत नाही. त्याने बरोबरची पुन्हा वाचली. एक ठोका. पुन्हा वाचली. तीन. मग बोट थांबले आणि चादरीचा काठ चिमटीत धरून चोळू लागले.

शिवणयंत्राची धडधड थांबली. ताई दोऱ्याचे टोक दातांत धरून त्याच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, औषधाच्या बाटलीवरचे वाच. त्याला राग आला. तरी त्याने बाटली उचलली आणि वाचले: थंड व कोरड्या जागी ठेवावे, वापरण्यापूर्वी हलवावे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

एक ठोका.

“मी रोज विचारते, बाबा, आज ही भाजी करू का?” ताई म्हणाली. “रोज दोन ठोके. दुसरी भाजी मी अजून एकदाही केलेली नाही, आणि ते निमूट जेवतात.”

ती हसली, पण ते हसू ओठांवरच विरले. त्याने विचारले, तुला माहीत होते तर मला का नाही सांगितलेस?

“तू त्यांच्याजवळ बसत होतास,” ती म्हणाली. “लहानपणीसुद्धा कधी बसला नाहीस. मला वाटलं, बसू दे.”

तिने पुन्हा पाय यंत्राच्या पट्टीवर ठेवला. बाबा खिडकीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा शांत होता, धुतलेल्या पाटीसारखा, आणि हे वाक्य मनात येताच धाकट्याला स्वतःचीच लाज वाटली. कसलीही उपमा न देता त्या चेहऱ्याकडे पाहावे, म्हणून तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. जमले नाही. मग त्याने त्यांच्या ओठांच्या कडेचे पाणी पुसले, उशी सारखी केली, आणि कामावर गेला.

अकराही व्याख्या त्याने जागेवर बसून पहिल्या खर्ड्याप्रमाणे केल्या. तासाभराचेच काम होते. आठ महिने ज्याला लागले ते तासाभरात पुसले जाते, याचे त्याला नवल वाटले. मग त्याने पहिले पान काढले आणि तपासणीची ओळ खोडली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी लावली.

बाईंनी पान पाहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. नाव कशाला काढतोस, राहू दे, त्या म्हणाल्या. चुका तर आता सुधारल्यास. सरांचा मान म्हणून राहील. पुस्तक हातात दिलेस तर त्यांनाही बरे वाटेल. बाहेर छापखान्याचा माणूस कागदासाठी ताटकळत उभा होता, आणि बाईंनी ओळीखाली टिंबे द्यायला, म्हणजे खोडलेले कायम ठेवायला, पेन उचलले होते.

धाकट्याने पानावर हात ठेवला. वडीलधाऱ्या माणसाचे पेन त्याने असे आजवर अडवले नव्हते.

“नको, बाई,” तो म्हणाला. “मी वाचलेलं बाबांना कळत नाही. पहिल्या दिवसापासूनच कळत नव्हतं.”