मी बुलबुल नाही

मी बोलतेय ती कोंबड्या झाकायच्या डालग्याखालून, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या. रानशेत गावात चिमण नावाच्या शेतकऱ्याच्या ओटीवर हे डालगं उपडं पडलंय. वर एक धोंडा, आणि आत मी.

मी एक स्वर्गीय नर्तकी, म्हणजे त्या नावाची पक्षीण. नाव ऐकून फार अपेक्षा ठेवू नका. पुस्तकात छापतात तो पांढराशुभ्र, लांबच लांब शेपटीच्या फिती मिरवणारा, तो आमच्यातला नर. माझं अंग विटकरी, डोकं काळं, त्यावर लहानसा तुरा, शेपटी बेताची. त्याचे फोटो निघतात. मला बघून लोक म्हणतात, "बुलबुल वाटतोय."

माझा जन्म हिमालयाच्या पायथ्याशी, ओढ्यावर झुकलेल्या फांदीवरच्या वाटीएवढ्या घरट्यात झाला. आमची जात पार मध्य आशियापासून श्रीलंकेपर्यंत पसरलेली. आम्ही काहीजणी उन्हाळा वर काढतो, थंडीत खाली उतरतो. इथे असताना तिथली म्हणवून घ्यायचं आणि तिथे गेलं की इथली.

कुळाचंही तसंच. आधी आम्हाला माशीमारांच्या कुळात धरत. मग जाणकारांनी रक्त तपासलं आणि ठरवलं, छे, या तर कोतवाल आणि नाचण या पक्ष्यांच्या भावकीतल्या. आग्नेयेकडच्या आमच्या बहिणींना तर वेगळी जातच करून टाकलं. इथल्या जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर दुर्बिणी गळ्यात अडकवून आलेली मंडळी हे बोलत होती आणि मी त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर ऐकत होते. लग्न न लागताच माझं आडनाव बदललं होतं. मला कुणी विचारलं नाही.

खाणं मात्र बदललं नाही. माश्या, डास, चिलटं, जे उडतं ते. फळाला मी कधी चोच लावलेली नाही.

चिलटांमागे लागूनच मी चिमणच्या चिकूच्या बागेत शिरले. त्याने झाडावर कोळ्यांचं मासेमारीचं जुनं जाळं टाकलं होतं, चिकू खाणाऱ्या बुलबुलांसाठी आणि वटवाघळांसाठी. आधी पाय गुंतला, सोडवायला गेले तर पंखही गुंतले.

"सापडला गो चोर!" चिमणने जाळं कापून मला मुठीत धरलं. इथे मेलेला कावळा शेतात टांगतात, बाकीच्यांना धाक बसावा म्हणून. "मान मुरगळून टांगतो फांदीला. एक बुलबुल फिरकायचा नाय."

"आज सोमवार हाय," त्याची बायको बुधीबाई आतून ओरडली. "आज जीव मारू नको. उद्या काय तो टांग."

म्हणून मी डालग्याखाली.

या घरात नवी सून आहे, चिमणच्या मुलाची, विनोदची बायको रुचिका. बोलते कमी, बघते फार. तिने फटीतून पिकल्या चिकूची फोड आत सरकवली. संध्याकाळी फोड तशीच. सकाळी तिला मुंग्या लागलेल्या. रुचिकाने मुंग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन तिने भिजवलेल्या सुक्या बोंबलांची डोकी आणली आणि डालग्याला लागून ठेवली. माश्या घोंगावत आल्या. माझ्यात त्राण नव्हतं, पण फटीतून आत आलेली पहिली माशी मी टिपली. मग दुसरी.

"आई, या जरा."

बुधीबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकली. "चिकू नाय खाल्लान?"

"माश्या खाते. बुलबुल नाहीच ही. हिला टांगून बुलबुल कशाला घाबरतील?"

चिमण कोयता घेऊन आला होता, तो हसायलाच लागला. "सून बोलते गो! मला वाटलं, विनोदने मुकीच आणली."

कोयता कुडाच्या भिंतीला अडकवला गेला. मी पंख सारखे केले. रुचिकाचा हात धोंड्यावर आला.

"राहू दे," बुधीबाई म्हणाली. "गुणाची निघाली. ओटीवर माश्या किती झाल्यात! इथंच राहील."

"मरेल ती, आई."

"मरते कशाला? बसल्या जागी खायला मिळतं. तू नाय रुळलीस?"

रुचिकाने धोंड्यावरचा हात लगेच काढला नाही.

तेव्हापासून मी इथेच आहे. भूक लागते म्हणून माश्या टिपते, आणि जितक्या टिपते तितकं माझं कौतुक वाढतं. शेजारची रखमी बघून गेली, म्हणाली, "आम्हाला पण अशी एक मिळाली तर बरं." तुऱ्याची पिसं बांबूला घासून झडलीत. बाहेर ऐनाच्या झाडावर माझी माणसं जमलीत, त्यांची हिमालयाकडे परत निघायची घाई मला ऐकू येते. मी हाक दिली की त्यांतली एखादी खालच्या फांदीवर येऊन जाते.

रुचिका, रोज ओटी झाडताना तू माझ्यापाशी थांबतेस, म्हणून तुलाच सांगते. मी काय खाते ते तू दाखवलंस आणि माझा जीव वाचला. आता माझ्या बाजूने आणखी काही पटवून देऊ नकोस. फक्त धोंडा सरकव. तो जड नाही. कालच तू तो एका हाताने उचललास, खालची धूळ झटकलीस, आणि परत होता तिथे ठेवलास.